साबणाचे पाणी जाते कुठे?

(वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



दरवर्षी वर्धापनदिनाला आपण पाककृती, भरतकाम नाही तर मुलांचे संगोपन यांवर कोणाचे तरी भाषण ठेवतो. यंदा चिटणीसबाईंनी यादीत माझे नाव घातले आणि विषय विचारला. मी म्हटले, "संडासाच्या टाकीवर बोलू का?" त्या आधी हसल्या, मग गप्प झाल्या. २०२३ च्या उन्हाळ्यात आमच्या परसात काय झाले ते त्यांनी कुंपणापलीकडून पाहिले होते.

माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. तेव्हा यात जे शास्त्र येईल ते माझे नव्हे. माझ्या नणंदेची मुलगी सूक्ष्मजंतुशास्त्र शिकली आहे. सुट्टीत आली की ती माझ्या मुलाच्या जुन्या पाटीवर चित्रे काढून मला समजावते, आणि मी तिला समजेपर्यंत सोडत नाही. चूक सापडली तर ती माझ्या समजण्यातली धरावी. फराळाच्या आधीच हा विषय घ्यावा लागला, त्याची मात्र क्षमा मागते.

आपल्या वसाहतीत गटाराची नळी अजून आलेली नाही. प्रत्येक घरामागे एक टाकी आणि टाकीपुढे शोषखड्डा. आमची टाकी मामंजींनी १९९४ साली बांधली. तीत फक्त संडासाचे पाणी जाई. न्हाणीघराचे आणि मोरीचे पाणी परसात केळीला नि अळवाला. २०२१ साली आम्ही मागे दोन खोल्या वाढवल्या, कपडे धुण्याचे यंत्र आणले. गवंडी म्हणाला, "वहिनी, हा परसातला चिखल कशाला ठेवता? सगळं पाणी एकाच पायपात घालू, टाकीत सोडू. डास नाहीत, घाण नाही." मला ते फार पटले. परसात फरशी होईल, पापड वाळत घालता येतील, असे मनात मांडे खाऊन मी हो म्हटले.

सासूबाईंनी तेवढे म्हटले होते, "मोरीचं पाणी नि संडासाचं पाणी एकत्र करू नये गं." त्यांचे म्हणणे सोवळ्यातले होते, अन्नाचे खरकटे नि मैला एका वाटेने जाऊ नये असे. मी मनात हसले. त्यांचे कारण मला आजही पटत नाही, पण त्यांचे सांगणे बरोबर निघाले.

दीड-दोन वर्षे काही कळले नाही. मग २०२३ च्या वैशाखात संडासातले पाणी खाली उतरेना. सडक्या अंड्यासारखा वास न्हाणीघराच्या जाळीतून घरात येऊ लागला. शोषखड्ड्याच्या कडेने काळे पाणी वर आले. टाकी उपसणारी गाडी बोलावली. झाकण काढले तर वर वीतभर जाड, करड्या-पांढऱ्या रंगाची साय धरलेली. गोठलेल्या चरबीत चुना कालवावा तशी. गाडीच्या नळीने मधले पाणी ओढले, पण ती साय आणि तळाचा चिकट गाळ काही येईना. तेव्हा गाडीबरोबर आलेला पोरगा, असेल एकोणीस-वीस वर्षांचा, त्याने चपला काढल्या, सदरा काढून फाटकावर ठेवला आणि टाकीच्या तोंडाशी बसून पाय आत सोडले.

सासूबाई ओट्यावर तांदूळ निवडत होत्या. त्या सूप टाकून धावत गेल्या आणि त्याचा दंडच धरला. तो म्हणतो, "आजी, पाच मिनिटांचं काम आहे." त्या म्हणाल्या, "माझ्या दारात नाही. टाकी तशीच राहू दे, आम्ही शेतात जाऊ." गाडीवाल्याला राग आला. शेवटी बाहेरूनच बांबूने ढोसून, पाणी मारून, दोन खेपा करून तीन तासांत टाकी रिकामी झाली आणि पैसे दुप्पट पडले. त्या पोराला चहा दिला तर म्हणाला, "रोजच उतरतो."

भगिनींनो, माणसाला अशा टाकीत उतरवणे २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे. टाकीत उतरलेली माणसे गुदमरून गेली, वाचवायला उतरलेलेही गेले, अशा बातम्या आपण वर्तमानपत्रात वाचतो आणि पान उलटतो. त्या रात्री मला झोप लागली नाही. ज्या सायीसाठी तो उतरत होता ती आमच्या घरातून गेलेली होती. ती आली कशी, हे समजल्याशिवाय मला चैन पडेना.

आता थोडे माहेरचे सांगते. माझे माहेर कागल तालुक्यातले. गोठ्यात चार जनावरे आणि मागे गोबरगॅस. लोखंडी टोपी गॅसने वर उचललेली असायची, ती पाहून आई सांगायची, आज दोन भाकरी जास्त भाजता येतील. आमच्या आजीचा एक दंडक होता: शेण कालवण्याच्या कुंडीपाशी साबण न्यायचा नाही. एका दिवाळीला काकीने गोधड्या धुतल्या आणि ते फेसाचे पाणी, वाया कशाला घालवा म्हणून, बादल्यांनी कुंडीत ओतले. चार दिवसांत टोपी बसली. आठ-दहा दिवस आम्ही चुलीवर, ओल्या सरपणाच्या धुरात फराळाचे तळले. आजी काकीला एवढेच म्हणाली, "गायीला साबण पाजशील का? मग हिला का पाजलास?"

भाचीला ही गोष्ट सांगितली तर ती टाळी वाजवून म्हणाली, "मामी, तुझ्या आजीने माझा एक धडा शिकवून टाकला." गायीच्या पोटात, गोबरगॅसमध्ये आणि आपल्या संडासाच्या टाकीत काम करणारे सूक्ष्मजीव हे एकाच गोत्यातले. तिन्ही ठिकाणी अंधार, तिन्ही ठिकाणी हवा नाही. फरक एवढाच की गोबरगॅसचे बिनसले तर त्याच दिवशी चुलीवर कळते. टाकीचे बिनसले तर वर्षा-दोन वर्षांनी कळते, तेही अशा रीतीने.

आणि ही विद्या आपल्याकडे नवी नाही बरे का. सेप्टिक टँक हे नाव विलायतेत एक्सेटर गावी १८९५ साली पडले. तिथल्या टाकीच्या वायूवर दिवे लावले होते. आपल्या मुंबईत माटुंग्याच्या महारोग्यांच्या आश्रमात १८९७ साली मैल्याच्या वायूवर दिवे लागले. कोकणात कणकवलीच्या गोपुरी आश्रमात अप्पासाहेब पटवर्धनांनी स्वतः भंगीकाम करून संडास, खत आणि गॅस यांचा ध्यास घेतला. पुढे देहूचे डॉक्टर मापुसकर यांनी संडासाला जोडलेला गॅस घरोघर पोचवण्यात आयुष्य घातले. २०१७ साली त्यांना मरणोत्तर पद्मश्री मिळाली. इतक्या थोरांनी ज्या विषयात हात घातला त्याला आपण नाक का मुरडावे?

तर टाकीत काय चालते? मैला आत पडला की जड भाग तळाशी बसतो, तेलकट भाग वर तरंगतो, मधले निवळ पाणी पुढे शोषखड्ड्यात जाते. तळच्या गाळात सूक्ष्मजीवांच्या टोळ्या असतात. भाचीने पाटीवर चार काढल्या होत्या, मी तीनच लक्षात ठेवल्या. पहिली टोळी मोठे पदार्थ फोडून पाण्यात विरघळवते. दुसरी ते आंबवते. डोशाचे पीठ आंबते तसेच समजा, फक्त पुष्कळ पुढे जाते आणि व्हिनेगरात असते तसले आम्ल तयार होते. तिसरी टोळी ते आम्ल खाते आणि त्याचा मिथेन वायू करते. तोच गोबरगॅसमधला जळणारा वायू. तिसरीने खाल्ले तरच गाळ खऱ्या अर्थाने नाहीसा होतो, म्हणजे वायू होऊन उडून जातो.

ही तिसरी टोळी फार नाजूक. हवा लागली की ती मरगळते, आंबटपणा वाढला की काम टाकते. आणि तिची वाढ मंद. आंबवणारे काही तासांत दुप्पट होतात. यांच्यातल्या काहींना दुप्पट व्हायला कित्येक दिवस लागतात. म्हणजे एकदा पुष्कळ मेले तर पुन्हा भरून यायला आठवडे जातात.

आता साबण. साबणाचा किंवा धुण्याच्या पावडरीतल्या फेसकरी पदार्थाचा कण लांबट असतो. त्याच्या एका टोकाला पाणी आवडते, दुसऱ्याला तेल. तेलाचे टोक कढईच्या ओशटात रुतते, पाण्याचे टोक बाहेर राहते आणि दोन्ही मिळून ओशट पाण्याबरोबर निघून येते. इतके दिवस मी भांडी घासत होते, पण हे मला ठाऊक नव्हते. मौज अशी की प्रत्येक सूक्ष्मजीवाच्या अंगावरची कातडीही स्निग्ध पदार्थाचीच असते. साबणाला कढईचे ओशट आणि सूक्ष्मजीवाची कातडी यांतला भेद कळत नाही. तो तिच्यातही रुततो. कातडी सैल होते, आतले बाहेर झिरपते.

मला वाटले, झाले, म्हणजे साबण विष. पण भाचीने मान हलवली. साबणाच्या पाण्याने पहिल्या टोळीचे काम कधी कधी उलट सोपे होते. तेलकट गोळे फुटतात, गाळाला चिकटलेले अन्न सुटते, काही सूक्ष्मजीव फुटून त्यांचेच इतरांना अन्न होते. दुसरी टोळी भराभर आंबवत सुटते. मार बसतो तो तिसरीला. म्हणजे आम्ल करणारे जोरात आणि आम्ल खाणारे मलूल. पीठ आंबतच राहिले आणि डोसा कोणी घातलाच नाही, तर त्याचे जे होईल ते टाकीचे होते. परदेशांत काही शास्त्रज्ञांनी सांडपाण्याच्या गाळात मुद्दाम असा फेसकरी पदार्थ घालून पाहिले. त्यांना आम्लच हवे होते, आणि गॅस थांबून आम्ल साठले. त्यांना हवे ते आपल्याला नको, एवढेच.

मग मी विचारले, साबणाची वडी वाईट की पावडर? इथे मला सगळ्यांत नवे कळले. वडीचा साबण तेलापासून केलेला. तो बेताने गेला तर या टोळ्या त्यालाही खाऊन टाकतात, त्याचाही गॅस होतो. फार झाला तर मात्र त्यातली स्निग्ध आम्ले त्यांच्या अंगावर लेप देतात आणि काम अडते. शिवाय आपल्या बोअरचे पाणी जड, क्षारांचे. जड पाण्यात साबणाचा फेस होण्याआधी चोथा होतो. बादलीच्या कडेला पांढरी रेघ बसते ती तीच. आमच्या टाकीवरची चुन्यासारखी साय म्हणजे हा चोथा, स्वयंपाकघरातले तेल आणि केस, असा सगळा संसार होता.

पावडरीचे निराळे. बहुतेक पावडरींतला फेसकरी पदार्थ खनिज तेलापासून केलेला असतो. १९५० नंतर जर्मनी, इंग्लंड, अमेरिका इथल्या नद्यांवर फेसाचे डोंगर चढू लागले होते, कारण तेव्हाचा पदार्थ फाटे फुटलेल्या साखळीचा होता आणि सूक्ष्मजीवांना तो नीट खाता येईना. जर्मनीत त्याविरुद्ध कायदा झाला, तो १९६४ साली अमलात आला. अमेरिकेतल्या कारखान्यांनी १९६५ साली पदार्थ बदलला. तेव्हापासून सरळ साखळीचा वापरतात. तो नदीत, ओढ्यात, मातीत सूक्ष्मजीव खाऊन टाकतात. पण मेख अशी आहे की त्याचा पहिला घास तोडायला त्यांना हवेतला प्राणवायू लागतो. आणि टाकीत तर हवाच नाही! म्हणून टाकीत तो बराचसा तसाच राहतो. नुसता राहत नाही, तर पाण्यातून निघून गाळाला चिकटतो. नेमका तिथेच, जिथे तिसऱ्या टोळीचे बिऱ्हाड आहे.

आणखी एक. पावडरीत वजन भरायला सल्फेटचे मीठ घातलेले असते. बिनहवेच्या जागी काही सूक्ष्मजीव त्या सल्फेटवर जगतात आणि सडक्या अंड्याच्या वासाचा वायू सोडतात. गॅस करणाऱ्यांच्या ताटातले अन्नही तेच ओढतात. न्हाणीघराच्या जाळीतून येणारा तो वास कशाचा, ते मला तेव्हा उमगले. त्या वायूने माणूस बेशुद्ध पडतो आणि मरतो. तो पोरगा आठवला की अजून अंगावर काटा येतो.

मी मग हिशोबाला बसले. सातवीला गणितात मला बरे गुण होते. आमची टाकी आतून ५ फूट लांब, ३ फूट रुंद आणि पाणी ४ फूट उभे. म्हणजे ६० घनफूट, सुमारे १७०० लिटर. आम्ही घरात सहा माणसे. पूर्वी संडासाचे मिळून दिवसाला सोळा-सतरा बादल्या पाणी जाई, म्हणजे २५० लिटर. आलेले पाणी आत जवळजवळ सात दिवस मुक्काम करी. सगळे नळ जोडल्यावर दिवसाला ८५० लिटरवर गेले. मुक्काम दोन दिवसांवर आला. आणि यंत्राचे पाणी धो धो एकदम येते, तळचा गाळ ढवळून शोषखड्ड्यात नेते.

पावडरीचे मापही वाण्याकडे तोलून पाहिले. एक माप ६५ ग्रॅम. जड पाण्याला जास्त लागते म्हणून मी दोन मापे घालत होते, आणि दिवसाला दोन खेपा. एकूण २६० ग्रॅम! त्यातला फेसकरी भाग शेकडा १० ते २० असतो; १५ धरला तर ३९ ग्रॅम. तो ८५० लिटरांत मिसळला तर लिटरमागे ४६ मिलिग्रॅम. भाचीने आकडा पाहून सांगितले की प्रयोगशाळेत एवढ्याच्या आसपास तिसऱ्या टोळीचे काम मंदावलेले दिसते. पण ती असेही म्हणाली की खऱ्या टाकीत बराचसा पदार्थ तेलाला नि गाळाला धरून बसतो, त्यामुळे एकदम मार बसत नाही. "मामी, सगळा दोष साबणाला देऊ नकोस. निम्मा दोष पाण्याच्या पुराचा." हे मी मुद्दाम सांगते, कारण सभेतून घरी गेल्यावर कोणी साबण बंद करील आणि पाणी तसेच ठेवील.

पुस्तकातले ऐकून माझे समाधान होत नाही. मी लिटर-लिटरच्या चार रिकाम्या बाटल्या घेतल्या. चारींत सारखे शेण नि पाणी कालवले आणि तोंडाला मुलांचे फुगे बसवले. पहिलीत काही नाही. दुसरीत चिमूटभर पावडर. तिसरीत पोह्याचा चमचा भरून. चौथीत साबणाची किसलेली वडी, अर्धा चमचा. मे महिन्याचे ऊन, बाटल्या गच्चीवर पोत्याखाली झाकलेल्या. पहिलीचा फुगा आठवड्यात उभा राहिला. चिमटीवालीचा दोन-तीन दिवस मागे, पण राहिला. चमच्यावालीचा महिनाभर मान टाकून होता. वडीवालीची मी आशा सोडली होती, तर तो विसाव्या दिवशी हळूहळू उठला. भाची म्हणते, एवढ्याने काही सिद्ध होत नाही, पहिल्या फुग्यात सगळा मिथेनच असेल असेही नाही, आणि पावडरीतल्या सोड्याचाही हात असेल. असेल. पण आमच्या यजमानांनी ते चार फुगे पाहिले आणि नळ वेगळे करायला पैसे काढून दिले. (कोणी घरी करून पाहिले तर दिवा, उदबत्ती जवळ नेऊ नये आणि काचेची बाटली घेऊ नये.)

साबणापेक्षाही वाईट गोष्ट आपण हौसेने ओततो ती राहिलीच. शंभरातले नव्व्याण्णव जंतू मारतो असे ज्या बाटलीवर लिहिलेले असते ती. अशा पुष्कळ बाटल्यांतही फेसकरीच पदार्थ असतो, पण निराळ्या जातीचा. तो सूक्ष्मजीवाच्या कातडीला ओढल्यासारखा जाऊन चिकटतो आणि टाकीत त्यालाही खाणारे कोणी नाही. कोणी आजारी असले तर जरूर वापरा, पण रोज सकाळी उठून संडासात बाटली उपडी करण्याचे कारण नाही. आम्ही रोज ब्रश आणि पाणी, आठवड्यातून एकदा थोडे औषध, असे ठरवले. एक कळकळीचे सांगणे: संडास धुण्याचे आम्ल आणि ब्लीचिंग पावडर कधीही एकत्र करू नका. त्यातून क्लोरीनचा विषारी वायू निघतो.

२०२३ च्या पावसाळ्याआधी आम्ही न्हाणीघर, मोरी आणि यंत्र यांचे पाणी टाकीतून काढून पुन्हा परसात घेतले. मोरीच्या नळीला जाळी आणि तेल अडवणारी छोटी कुंडी. पुढे विटांचे तुकडे नि वाळू घातलेला खड्डा, भोवती कर्दळ आणि केळी. मातीच्या वरच्या थरात हवा असते, तिथे तो पदार्थ सूक्ष्मजीव खातात. ज्याला टाकीत खाणारा नव्हता त्याला परसात आहे. मात्र यंत्राच्या पाण्यात सोड्याचा क्षार असतो, रोज एकाच जागी सोडले तर जमीन धरते. म्हणून दोन आळी करून आलटून पालटून सोडते. कोथिंबीर, मुळा असले कच्चे खायचे तिथे लावत नाही. पावडर एकाच मापावर आणली. कपडे तेवढेच निघतात हे पाहून मला माझाच राग आला. दोन्ही खेपा एकदम न करता एक सकाळी, एक संध्याकाळी. मांडे मनातच राहिले, परसात फरशी नाही, पापड गच्चीवर.

शेजारच्या काकू म्हणतात, रिठे-शिकेकाई वापरा म्हणजे प्रश्नच मिटला. अहो काकू, रिठ्याचा फेस होतो म्हणजे त्यातही तसाच गुण आहे. तो आपल्या झाडाचा म्हणून सूक्ष्मजीव त्याला माया लावत नाहीत. फार ओतला तर तोही बाधतो. फायदा एवढाच की तो आपण मुठीने वापरतो, मापाने ओतत नाही. आणि टाकीत टाकायच्या जंतूंच्या पुड्या दारावर येतात, त्या मी घेत नाही. आपल्या पोटातूनच रोज ताजे बियाणे टाकीत जाते. टाकी उपसताना तळाला थोडा जुना गाळ राहू द्यावा, म्हणजे विरजण राहते. दह्याचे भांडे कोणी शेवटच्या थेंबापर्यंत घासते का?

गेल्या चैत्रात, म्हणजे २०२५ साली, झाकण उघडून पाहिले. भाचीने एक रीत शिकवली आहे. लांब बांबूला खालच्या बाजूने पांढरे फडके घट्ट गुंडाळायचे, हळूच तळापर्यंत सोडायचे, थोडा वेळ धरायचे आणि वर घ्यायचे. फडक्यावर काळा डाग जिथवर चढेल तेवढा गाळ. झाकण उघडल्यावर आधी थोडा वेळ लांब उभे राहायचे, वाकून आत पाहायचे नाही, विडी-काडी नाही, मुले जवळ नाहीत. आमचा डाग साडेनऊ इंच निघाला. टाकी रिकामी होऊन तेव्हा जेमतेम दोन वर्षे होत आली होती. साय होती, पण बोटभर. बांबू तिच्यातून सहज गेला. सासूबाई ओट्यावरून विचारत होत्या, "गाडी बोलवायची का गं?" मी म्हटले, "नाही, अजून पुष्कळ वेळ आहे." त्या परत तांदूळ निवडायला लागल्या.

डाग पाणी उभे असते त्याच्या तिसऱ्या हिश्श्यापर्यंत चढला की गाडी बोलवायची, आणि बोलावण्याआधीच सांगून ठेवायचे की माणूस आत उतरणार नाही, लागतील तेवढ्या खेपा करा. तो बांबू आमच्या न्हाणीघराच्या मागे ठेवलेला आहे. ज्यांना हवा त्यांनी घेऊन जावा. परत आणताना फडके मात्र नवे गुंडाळून आणावे.